कोंड्याची दुसरी भाकरी

एका गावात एक बाई होती. तिचे वसे एवढे, की जेवायचा वार शोधावा लागे. शुक्रवारचा वसा सासूने दिलेला. दिवसभर उपास करायचा, कोणाच्या तरी मुठीत तांदूळ देऊन कहाणी सांगायची, ऐकणाऱ्याने ‘हं’ म्हणायचं. कहाणी संपली की तांदूळ देवापुढे ठेवायचे आणि मग जेवायचं. ऐकायला कोणी मिळालं नाही, तर उपास लांबला.

कहाणी एका पोरक्या मुलीची. बाप दुसरी करतो, सावत्र आई मुलीला कोंड्याची भाकरी घालते, मुलगी रानात जाते, तिथे देवी भेटते आणि तिचं भाग्य उजळतं. गल्लीतली पोरं मुठी आवळून ऐकत. बाई मात्र हल्ली थकली होती. पाय सुजत, आवाज बसे. तोंड कहाणी सांगे आणि मन उद्याच्या दळणात असे.

त्या शुक्रवारी पोरं जत्रेला गेली होती. बाई दारात उभी राहिली.

शेजारीण म्हणाली, “तीच ना कोंड्याची भाकरी? पाठ झाली हो, काकू. पोरांच्या गोष्टी आम्ही घोड्यांनी काय ऐकायच्या!”

एवढ्यात रस्त्याने कुंभाराची दुसरी बायको आली. काखेत गाठोडं होतं.

“अगं, घडीभर बसतेस? माझा उपास सुटेल.”

“बसते. पण दिवस मावळायच्या आत नदी ओलांडायचीय. माहेरी चालले.”

“सणाला?”

“कायमची.”

बाईने तिच्या मुठीत तांदूळ दिले. “नवरा काही बोलला का?”

“तो बापडा काय बोलणार? पोर माझ्या हातचं खात नाही, काकू. भाकरी मोडून उजेडात धरते, कोंडा दिसतो का बघते. मग आत्याकडे जाऊन जेवते. गावाला वाटतं, मी तिला उपाशी मारते. थकले मी.”

बाईच्या तोंडचं पाणी पळालं. कुंभाराची पोर दर शुक्रवारी पहिल्या रांगेत बसायची.

तिने कहाणी सुरू केली. सावत्र आई आली आणि समोरचं ‘हं’ थांबलं. बाईही थांबली. कहाणीत शब्द घालायचा नाही, पाडायचा नाही, असं सासूने बजावलेलं. घातला तर वसा मोडला. पण आज सासूची कहाणी आठवायच्या ऐवजी सासूच आठवली. दुष्काळात सगळ्यांची पानं वाढून, टोपलीत उरलेलं चुलीकडे तोंड करून खाणारी.

“त्या वर्षी पाऊस नव्हता,” बाई हळू म्हणाली. “घरात कोंडाच होता. सावत्र आईने दोन भाकरी केल्या. जाड होती ती मुलीला दिली. पातळ, करपलेली आपण घेतली आणि चुलीकडे तोंड करून खाल्ली. मुलीला वाटलं, आपल्यामागे ही तूपसाखर खाते.”

 मग कुंभारीण म्हणाली, “हं.”

कहाणी संपली, तांदूळ देवापुढे गेले. बाई पानावर बसणार, तोच जत्रेतली पोरं दारात हजर. पोटात आग पडली होती, घसा सुकला होता. बाईने पान झाकलं.

“थांब गं जरा,” ती कुंभारणीला म्हणाली आणि पोरांच्या मुठीत तांदूळ देऊन कहाणी पहिल्यापासून सांगितली. दुसऱ्या भाकरीसकट.

कुंभाराच्या पोरीने विचारलं, “मग तिचं पोट भरलं?”

“कोण जाणे, बाळ. तिला कोणी विचारलंच नाही.”

पोर गाठोड्याकडे बघत राहिली. “त्यात काय आहे?”

“वाटेसाठी भाकरी,” आई म्हणाली.

पोरीने ती काढायला लावली. मोडली, पण उजेडात धरली नाही. मोठा तुकडा कोणता ते पाहिलं आणि आईच्या हातावर ठेवला. “इकडे तोंड करून खा,” म्हणाली.

नदी त्या दिवशी कोणी ओलांडली नाही. दिवेलागणीला बाईने सासूचं स्मरण केलं. “एक भाकरी जास्त केली, आई. पोटात घाला.” मग ती जेवायला बसली. पुष्कळ दिवसांनी तिला अन्नाची चव लागली. देवाने कुंभाराच्या घराची चूल राखली, तशी ऐकणाऱ्या-सांगणाऱ्यांचीही राखो.

तात्पर्य: लहानपणी ऐकलेली कहाणी मोठेपणी एकदा पुन्हा ऐकावी. वाढणारीच्या पानात काय होतं, ते तेव्हाच दिसतं.