आभाळ्यावरचा झरा

आभाळ्या नावाच्या एका उंच, आडबाजूच्या डोंगराखाली एक गाव होतं आणि त्या गावात भिवाजी नावाचा कासार राहायचा. बांगड्या भरण्यात त्याचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता, आणि बोलण्यात तर नव्हताच. काचेची घट्ट बांगडी हाडावरून सरकवताना लहान पोरी रडतात. भिवाजी त्यांना गोष्टी सांगायचा. पोरगी गोष्टीत गुंतली की बांगडी मनगटात कधी जाऊन बसली, हे तिला कळायचंही नाही.

अशाच एका रडक्या पोरीला तो एकदा म्हणाला, "रडू नगंस. मी आभाळ्याच्या माथ्यावर काय बघितलं, ते सांगतो तुला."

पोरगी रडायची थांबली. बांगडी बसली. गोष्ट मात्र घरोघर गेली. आभाळ्याचा माथा कायम ढगात असायचा आणि गावातलं कोणीच कधी वर गेलेलं नव्हतं, त्यामुळे भिवाजी एकाएकी मोठा माणूस झाला. लग्नकार्यात त्याला मानाने पुढे बसवू लागले. त्यालाही ते आवडलं. कोणाला आवडणार नाही? दर खेपेला त्याने गोष्टीत थोडी भर घातली. एकदा माथ्यावर झरा आणला. पुढच्या खेपेला झऱ्याकाठी उंबर लावला. खरं तर शेळ्या चरतात तिथून पुढे त्याने एक पाऊलही टाकलं नव्हतं.

एके वर्षी सुगी उरकली आणि गावाचे हात रिकामे झाले. पारावर सगळे जमले असताना येसबा पाटील म्हणाले, "जन्मभर ह्यो डोंगर खालनंच बघितला. औंदा समद्यांनी मिळून वर जायचं. वाटाड्या तर आपल्या गावातच हाय!"

भिवाजीला नाही म्हणायचं होतं. पण सगळं गाव त्याच्याकडे कौतुकाने बघत होतं. तो म्हणाला, "जाऊ की! त्यात काय?"

मग रोज संध्याकाळी पारावर बेत ठरू लागला. वाट कशी आहे? "गाडी जाईल अशी," भिवाजी म्हणाला. रात्र झाली तर? "हत्ती मावंल एवढी गुहा हाय." पाणी? "झरा हाय की. बारा महिने वाहतो." एक थाप निस्तरायला दुसरी मारावी लागत होती. मधूनच तो म्हणायचा, "आज वारा बरा न्हाई, उद्या बघू." बेत बारगळावा एवढीच त्याची इच्छा होती. पण लोकांना वाटलं, भिवाजी किती जपून पाऊल टाकतो! त्याचा मान आणखी वाढला.

गुडघेदुखीने बेजार झालेली म्हातारी कोंडाबाई एक दिवस म्हणाली, "गाडीवाट असंल तर मीबी येते. एकदा आपलं घर वरनं कसं दिसतं, ते बघायचंय." ते ऐकल्यापासून भिवाजीला अन्न गोड लागेना.

शेवटी निघायची सकाळ उजाडली. भिवाजी तयार होऊन बाहेर आला, तर त्याची बायको सालू पाणी भरून न्यायचे वाळके, पोखरलेले भोपळे परत खुंटीला टांगत होती.

"अगं, ते का ठेवतेस?"

"वर झरा हाय न्हवं? पाटलांनीच सांगितलंय, पाण्याचं ओझं कशाला वाहायचं? त्यापरीस भाकरी जास्त घ्या म्हणं."

भिवाजी धावतच पाराकडे गेला. सगळ्यांच्या डोक्यावर गाठोडी होती. पाणी एकाजवळही नव्हतं. कोंडाबाई पायरीवर बसून गुडघ्याला फडकं बांधत होती. तिचा चेहरा लहान मुलीसारखा फुलला होता.

पोटात दुखतंय म्हणून घरी बसावं, असं भिवाजीच्या मनात आलं. त्याने पोटावर हात ठेवलासुद्धा. पण तो राहिला तरी गाव थांबणार नव्हतं. त्याच्याच शब्दावर विसंबून सगळे जाणार होते आणि वर तहानेने तडफडणार होते. त्याने हात खाली घेतला.

"पाटील, थांबा. वर झरा न्हाई."

"आटला का काय?"

"हाय का न्हाई, त्ये मला ठावंच न्हाई. मी वर गेलोच न्हाई कधी."

मग कोणी शिवी हासडली, कोणी कपाळावर हात मारला. पाटील लालबुंद झाले. "मग ती गुहा?"

"न्हाई बघितली."

"आन् गाडीवाट?"

"तीबी माझ्याच मनातली."

"आरं, निदान उंबर तरी?" कोंडाबाईने विचारलं.

"त्यो मला आवडतो, म्हणून लावला," भिवाजी मान खाली घालून म्हणाला.

कोंडाबाई खो खो हसत सुटली. गुडघ्याचं फडकं सोडत म्हणाली, "बरं झालं लेका, हितंच बोललास. वर जाऊन बोलला असतास, तर मला कुणी उचलून आणलं असतं?"

तिच्या हसण्याने पाटलांचा राग निम्मा उतरला. भिवाजीला तर सुजलेल्या हातातून घट्ट बांगडी निघावी तसं मोकळं वाटलं. इतक्या वर्षांत आज त्याने पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

बेत मोडला नाही, फक्त बदलला. वरचं काहीच ठाऊक नाही असं धरून सगळी तयारी नव्याने झाली. कोंडाबाई मागे राहिली. धडधाकट माणसांनीच जायचं ठरलं. दिवस कलायच्या आत माघारी वळायचं, हेही ठरलं. घराघरांतले भोपळे भरून आले आणि सगळ्यात जास्त भोपळे भिवाजीच्या खांद्यावर आले. वाटाड्याचा मान गेला. त्याने सगळ्यांच्या मागून चालायचं होतं. त्याने ते आनंदाने कबूल केलं.

शेळ्यांची जागा मागे पडली आणि वाट संपली. पुढे नुसती काटेरी झुडपं आणि सुटे दगड. माथ्याखालचा उभा कडा बघून भिवाजीने खांद्यावरचे भोपळे खाली ठेवले. "मी हितंच बसतो," असं तो सरळ सांगून मोकळा झाला. पाटील, सालू आणि आणखी काही जण वर चढले.

ते उतरले तेव्हा त्यांचे ओठ कोरडे पडले होते. वर काळा खडक होता आणि वारा होता. झरा नव्हता. भोपळे बघता बघता रिकामे झाले. पाटलांनी शेवटचा घोट घेतला आणि ते भिवाजीला म्हणाले, "सकाळी तू गप बसला असतास तर..." त्यांनी नुसता त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

दिवेलागणीला सगळे सुखरूप परतले. कोंडाबाई वेशीवर वाट बघत उभी होती. एकेकाचा चेहरा बघून मगच ती घरी गेली.

पुढे एकदा एक चिमुरडी बांगडी भरताना रडू लागली. मुसमुसत तिने विचारलं, "काका, डोंगरावर काय हाय वो?"

भिवाजी हसला. "कड्यापतूरचं मी सांगतो. त्याच्या वरचं सालूकाकूला इचार. ती गेली हुती, मी न्हाई."

पोरगी कान देऊन ऐकू लागली. बांगडी अलगद बसली.

तात्पर्य: आपल्या शब्दावर विसंबून दुसरे पाऊल टाकणार असतील, तर ते घरातून निघण्याआधीच "मला ठाऊक नाही" असं सांगावं. त्याने आपली लाज थोडी जाते, पण त्यांचा जीव वाचतो.