दोन हुकूम, एक खड्डा

“मग कोणाचं ऐकू, बाबा?”

मठाच्या पायरीवर बसून म्हातारे एल्फ्रिकबाबा शेंगा सोलत होते.

तरुण पाद्री ऑस्बर्टनं सगळं पुन्हा सांगितलं. इंग्लंडचा राजा आणि पोप यांचं भांडण पेटलं होतं. पोपनं देशभरातली चर्च बंद करवली होती. घंटा नाही, प्रार्थना नाही, मेलेल्याला पवित्र माती नाही. जो पाद्री प्रार्थना म्हणेल, तो धर्माबाहेर. राजाचा हुकूम नेमका उलटा. घंटा वाजवा, राजाचा जयजयकार करा आणि प्रेत पुरा. जो नाही म्हणेल, त्याला फाशी.

शेजारच्या गावचा पाद्री कालपासून झाडाला लटकतो आहे, हेही त्यानं सांगितलं.

फाटकाशी हातगाडीवर गावातल्या हिल्डाच्या नवऱ्याचं प्रेत होतं. आज तिसरा दिवस.

ऑस्बर्ट पॅरिसला चार वर्षं धर्मशास्त्र शिकून आला होता. राजा मोठा की पोप, यावर त्याला दोन्ही बाजूंची वचनं पाठ होती. ती तो एकामागून एक म्हणू लागला.

हिल्डा गाडीजवळून ऐकत होती.

“राजाला वास येत नाही, पोपला येत नाही,” ती म्हणाली. “तुमच्या पुस्तकांना येतो का, धाकटे बाबा?”



एल्फ्रिकबाबा उठले. कोठारातून त्यांनी कुदळ आणि फावडं आणलं. कुदळ ऑस्बर्टच्या हातात दिली आणि चर्चमागच्या दफनभूमीकडे चालू लागले.

“घंटा वाजवायची?”

“नको.”

“प्रार्थना?”

“म्हणू.”

“म्हणजे दोघंही चिडतील.”

“हो.”

दोघांनी खणलं. खड्डा छातीएवढा झाला. हिल्डानं डोक्याकडून धरलं, त्यांनी पायांकडून, आणि प्रेत खाली उतरवलं. बाबा हळू आवाजात प्रार्थना म्हणू लागले.

तेवढ्यात टेकडीवरच्या रस्त्यावर धूळ उठली. घोडेस्वार होते. राजाचे की पोपच्या बाजूच्या बिशपचे, इतक्या लांबून कळत नव्हतं.

ऑस्बर्टनं मूठभर माती उचलली होती. ती त्याला टाकवेना.

“बाबा... माझे हात थरथरताहेत.”

बाबांनी आपला हात पुढे केला. तोही थरथरत होता.

“थरथरत्या हातातूनही माती खालीच पडते.”