पिराजी कासार आणि वेशीवरचा हेटाळ

एकदा काय झालं, डोंगराच्या पायथ्याला कुंभेरी नावाचं गाव होतं. तिथे पिराजी कासार राहायचा. गावातल्या सगळ्या लेकीसुनांच्या हातात तोच बांगड्या भरायचा. सुमे, पांघरूण ओढ आधी, मग ऐक.

या पिराजीला एक हौस होती, बरं का. दुपारी दार लावून घ्यायचा, बहिणीचं हिरवं लुगडं नेसायचा, कुंकू लावायचा आणि परातीत स्वतःला बघायचा. बघितलं की त्याला बरं वाटायचं. चोरी नाही, लबाडी नाही. पण त्याला वाटायचं, एकदा तरी असं नेसून चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला जावं, बायकांच्या रांगेत बसावं.

पण गौरीचं देऊळ होतं वेशीपलीकडे. आणि वेशीच्या कमानीवर बसायचा हेटाळ.

आता घाबरायचं नाही हं. हेटाळाला हात नव्हते, पाय नव्हते, धडही नव्हतं. होतं ते नुसतं तोंड, सुपाएवढं. कुणी जरा वेगळं दिसलं की तो खदाखदा हसायचा. हसला की माणूस लाजून मान खाली घालायचा. मान खाली गेली की हेटाळ वरून जीभ सोडायचा आणि त्याचा चेहरा तीन चाटण्यांत पुसून टाकायचा! गावात अशी तीन माणसं होती. नाक नाही, डोळे नाहीत, सगळं सपाट. पारावर बसून असायची बिचारी. त्यांना पेज पाजायची तरी कुठून?

तर चैत्र लागला. पिराजी लुगडं नेसला, पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि खाली बघत निघाला. वेशीत आला तसा हेटाळ हसला. पिराजी आणखी वाकला. मग गार, ओली जीभ त्याच्या गालांवरून फिरली. पळत घरी आला आणि परातीत बघतो तर काय, चेहऱ्याचा सगळा रंग गेलेला! राखेसारखा पांढरा फटक.

दुसऱ्या दिवशी त्याने ठरवलं, आज हातभर बांगड्या भरून जायचं. स्वतःच भरायला बसला. आता सांगा, कासाराला स्वतःच्या हातात बांगडी भरता येते का? भरायला दोन हात लागतात, आणि भरून घ्यायला तिसरा. पण सांगणार कुणाला? हात भीतीने आवळलेला, बांगडी काही चढेना. कट्‌कन एक फुटली, दुसरी फुटली, मनगटातून रक्त आलं. तसाच निघाला. हेटाळ असा हसला की कमानीची माती पडली. मग जीभ आली आणि पिराजीच्या भुवया घेऊन गेली. आता आणखी एकदा, की सगळा चेहरा जाणार.

पिराजी दार लावून रडत बसला. तेवढ्यात दार वाजलं. बाहेरून हाक आली ती थोरल्या बहिणीची, गोदाक्काची.

बाळांनो, हेटाळापेक्षाही त्याला अक्काची भीती वाटली. हेटाळ परका, अक्का घरची. ती हसली तर जायचं कुठे? कडीवर हात ठेवून किती वेळ उभा राहिला तो! शेवटी डोळे मिटून कडी काढली.

गोदाक्काने लुगडं बघितलं. फुटकी काच बघितली. रक्त बघितलं. मग म्हणाली, "आरं पिरा, आपल्या हातानं कधी बांगड्या भरत्यात व्हय? आण इकडं हात."

"अक्का, तू हसली न्हाईस?"

"हसंन की. काष्टा बघ कसा घातलायस, चार पावलांत सुटंल. आन हात सैल सोड. आवळलेल्या हातात बांगडी फुटती, हे पोरींना तूच सांगतोस ना?"

मग तिने बांगड्या भरल्या. काष्टा नीट घातला. कुंकू लावलं. "आन ठुमकत चालू नगंस," म्हणाली. "आम्ही बायका रानातनं येताना ठुमकत येतो काय? सरळ चाल. मी हाय मागं."

मग तिसऱ्यांदा पिराजी निघाला. अक्का चार पावलं मागे. वेशीत आला. हेटाळ हसला. पिराजी थांबला, पण मान वर. हेटाळ पुन्हा हसला, दात कराकरा वाजवले. पिराजीच्या अंगाला दरदरून घाम फुटला, पण मान वर. मग जीभ खाली आली आणि गालापाशी थांबली. तिचा गारवा लागत होता.

पिराजी म्हणाला, "हसून झालं का रं? हरभरं संपतील, मला गौरीला जायचंय."

हेटाळाची जीभ चालायची ती लाजून झुकलेल्या चेहऱ्यावरच; वर धरलेला चेहरा त्याला चाटता येईना. तो हसून हसून धापा टाकू लागला, वाळून शेंगेएवढा झाला आणि टपकन खाली पडला. पडता पडता त्याच्या तोंडातून पिराजीचा रंग पडला, भुवया पडल्या आणि ते तीन चेहरे पडले. पारावरच्या तिघांना आपापले चेहरे चिकटले आणि तिघंही एकदम शिंकली.

पिराजी देवळात गेला. सगळ्या बायका वळून बघू लागल्या. त्याला वाटलं, मेलो. मग म्हातारी पाटलीण खेकसली, "सरका गं. उभं का ठेवलंय तिला? पदर पसर बाई, हरभरं घे."

पिराजीने पदर पसरला. हात असे थरथरत होते की निम्मे हरभरे खाली सांडले.

काय म्हणालीस, सुमे? भीती गेली का त्याची? नाही गं. दर चैत्रात तो यायचा, दर चैत्रात हरभरे सांडायचे. सांडू देत. पदर त्याने कधी आवरला नाही.

मग पिराजी, गोदाक्का, सगळं गाव सुखाने नांदलं. तुम्हीही नांदा, आणि आता डोळे मिटा. मलाही झोप आलीय.