चिटणीसपंतांनी बुजवलेल्या खिडक्या

फार जुनी गोष्ट. तेव्हा राजे पत्रं धाडत आणि ती लिहायला दफ्तरात कारकून बसत. अशाच एका राज्याचे चिटणीसपंत मोठे कामसू. राजकन्येचं लग्न ठरलं आणि महिन्याभरात सगळी पत्रं धाडायचा भार पंतांवर पडला. सोयरे मानी, राजा तापट. काही कमीजास्त झालं तर लग्न मोडणार आणि आपली चिटणिसीही जाणार, या धास्तीने पंतांच्या डोळ्याला डोळा लागेना.

दफ्तराला सहा खिडक्या होत्या. बाहेर जांभळाचं झाड, त्यावर पोपटांचा दंगा, खिडक्यांत मरव्याच्या कुंड्या. कारकून दोन ओळी लिहीत, बोरू शाईत बुडवत आणि क्षणभर बाहेर बघत. पंतांना ते खुपू लागलं.

"राजाचं अन्न खाता ते पोपट बघायला?" ते गरजले.

एक म्हातारा कारकून हात जोडून म्हणाला, "पंत, नजर जरा हिरव्यावरून फिरली की पुढची ओळ सरळ उतरते."

"ओळ हातानं उतरते, झाडानं नाही."

दुसऱ्याच दिवशी खिडक्यांना फळ्या ठोकल्या, कुंड्या परसात गेल्या आणि भरदिवसा समया लागल्या.

पहिले चार दिवस काम झपाझप झालं. पाचव्या दिवशी दोन कारकून एका दौतीवरून हमरीतुमरीवर आले. एकाचं डोकं ठणकायचं, तर दुसरा बोरू मोडला म्हणून चक्क रडला. पंतही त्याच कोंदट खोलीत बसत आणि घरी जाऊन आमटीवर, मांजरावर, भिंतीवरसुद्धा खेकसत. बिचारी माणसं आळशी नव्हती, कोंडलेली होती. पण पंतांना सांगणार कोण?

मग एके सकाळी सरहद्दीवरचा किल्ला बळकावून बसलेला बंडखोर सरदार बायकामुलांसह, हत्तीवर पेढे लादून राजवाड्यात हजर झाला. त्याचे डोळे भरून आले होते. "महाराजांनी आम्हाला सोयरे म्हणून लग्नाला बोलावलं. एवढा मान जन्मात कुणी दिला नव्हता. आजपासून बंड सोडलं."

पाठोपाठ खऱ्या सोयऱ्यांचा जासूद आला. पत्रात लिहिलं होतं, "किल्ला खाली करा, नाहीतर हत्तीच्या पायी देऊ, असं आपण कळवलंत. लग्न आहे की लढाई?"

राजा लालबुंद झाला. "पत्रांची अदलाबदल कोणी केली? त्याला आत्ता हद्दपार करतो."

कारकुनांची तोंडं पांढरी पडली. पंतांनी सरदाराकडची थैली हातात घेतली आणि तिच्यावरची मोहोर ओळखली. कारकून नुसते लिहीत. पत्र थैलीत घालून लाखेची मोहोर करायची ती चिटणिसाने, आपल्याच हाताने, अशी रीत होती.

"चूक माझी, महाराज," पंत पुढे होऊन म्हणाले. "खिडक्या बुजवून मी बारा माणसांचं मन कोंडलं, आणि माझंही. शिक्षा मला द्या."

राजाने पेढे खाणाऱ्या सरदाराच्या पोरांकडे पाहिलं. त्याचा राग निवळला. "न लढता बंड मिटलं, म्हणून चिटणिसी वाचली. पण सोयऱ्यांची समजूत काढायला तुम्हीच जा, आणि आधी त्या फळ्या स्वतः उपटा."

पंतांनी फळ्या उपटल्या, तेव्हा त्यांचा अंगठा चांगलाच ठेचला. सोयऱ्यांनी त्यांना दुपारभर दारात उभं केलं, मग सगळी हकीकत ऐकून पोट धरून हसले आणि पंगतीला बसवलं. लग्न थाटात झालं. पुढे त्या दफ्तरात एखादा कारकून खिडकीबाहेर बघू लागला की पंत आपलाही बोरू खाली ठेवत.

सार एवढंच: कामावरची नजर शाबूत हवी असेल, तर तिला हिरव्याकडे जायची वाट मोकळी ठेवावी.