आवडाबाईची खुंटी

जाईआईच्या देवळाकडं वळताना राऊतांच्या रेवडीच्या दुकानापुढं एक जुना सागवानी खांब उभा आहे. त्याला एक खुंटी आणि वर-खाली सहा भोकं, सगळी तिळानं बुजवलेली. जत्रेला आलेलं माणूस विचारतंच, हे काय म्हणून. मग देवळाचे म्हातारे गुरव धोंडूआप्पा पायरीवर टेकतात आणि सांगतात ते असं.

फार मागं हे दुकान आवडाबाई चालवायची. अंगानं उंच, खांबासारखीच. गुळाचा पाक खुंटीवर टाकायचा, ओढायचा, परत टाकायचा. तांबडा पाक पांढरा पडेपर्यंत हात थांबवायचा नाही, थांबला की पाकाचा दगड. ती खुंटी तिनं आपल्या मापानं डोक्याच्याही वर ठोकली होती आणि देवीला शब्द दिला होता, माझा हात चालतोय तोवर ही हलायची नाही.

सून सारजा बुटकी. पाटावर चढून ओढायला गेली की पाक निम्म्यातच निसटायचा. आवडाबाई गिऱ्हाइकांदेखत म्हणायची, "आधी हात पोचू दे, मग दुकान माग." सारजानं कधी मागितलंच नव्हतं. पण ऐकून ऐकून तिलाही वाटायला लागलं, आपल्याच्यानं व्हायचं नाही. पाठीला बांधलेली लेक उद्या मोठी होईल, तिला आपण काय शिकवणार, हा घोर जिवाला लागून राहिला.

एका जत्रेला, म्हणे, पालखी निघायच्या वेळेलाच आवडाबाईचा उजवा खांदा धरला. हात वर जाईना. पाक तर कढईत तयार. देवीची रेवडी आजवर चुकली नव्हती. सारजा पाटावर चढली, तशी पाठीवरची लेक कलंडली. ती घाबरून खाली उतरली.

"खुंटी खाली घ्या, आत्याबाई," ती म्हणाली. एवढं बोलायला तिला चार वर्षं लागली होती.

आवडाबाई खांदा धरून खाली बसली. दोन गड्यांनी जोर लावला, खुंटी तसूभर हलली नाही. लोक म्हणाले, देवीला दिलेला शब्द आहे, हलेल कशी? तिकडं पाक घट्ट व्हायला लागला. तेव्हा आवडाबाई उठली. "हात थांबला गं आई," देवळाकडं बघून एवढंच बोलली आणि डाव्या हातानं खुंटी धरली, तर लोण्यातून निघावी तशी निघाली, असं सांगतात.

तिनं सारजाला खांबाशी पाठ लावून उभं केलं आणि तिच्या डोक्यावर वीतभर खूण करून खुंटी ठोकून घेतली. रेवडी जरा वाकडीतिकडी झाली, पण पांढरी झाली. देवीनं गोड मानून घेतली.

वरचं भोक आवडाबाईनं तिळानं भरून टाकलं. म्हणाली, "उघडं दिसलं की मला परत वर जावंसं वाटंल."

आजही राऊतांचं दुकान पुढच्या हाती जायचं असलं की थकलेलं माणूस आपली खुंटी आपल्याच हातानं काढतं. दुसरं कुणी काढायला गेलं तर निघत नाही, म्हणे. मग नव्या माणसाच्या मापानं ती ठोकतात, आणि जुनं माणूस बाजूला सरून गावादेखत एकच विचारतं, "पोचतो का हात?"