परमुलखातली कोठडी

"पण केलं काय होतं त्यानं, बाबा? नुसता उभा होता हो!"

निवृत्त फौजदार गव्हाणे फकिराच्या मठीत, तकियात बसले होते. परदेशात नोकरीला गेलेला त्यांचा मुलगा तिथल्या पोलिसांनी पकडला होता. समोर नूरशाह फकीर फाटकी चादर शिवत होते.

"कुठं उभा होता?"

"बसथांब्यावर. कामावरून घरी निघाला होता. जवळचं दुकान कुणीतरी लुटलं. लोक म्हणाले, काळा माणूस पळाला. पोलिसांनी याला उचललं."

"मग तुमचा मुलगा काळा नाही का?"

"बाबा!"

"त्याच्या चुलत्यानं, मामानं कधी चोरी केली असेल."

"आमच्या घराण्यात कुणी नाही! तिथं शेजारी गोरी पोरंही उभी होती. त्यांना कुणी विचारलंसुद्धा नाही."

"कोठडीत ठेवला की कबूल होईल."

ही वाक्यं गव्हाण्यांच्या फार ओळखीची होती; चौकीत ती ते स्वतःच म्हणत...

ते म्हणाले, "दुआ मागा, बाबा. तेवढ्यासाठी आलोय."

"इथली रीत तुम्हाला ठाऊक आहे."

त्या तकियात फकीर स्वतः दुआ मागत नसत. ज्याच्या घरी तेच दुखणं येऊन गेलं असेल, त्यानं हात पसरायचे. आजारी लेकरासाठी दुसऱ्या आजारी लेकराची आई मागायची.

"ते ठाऊक आहे. पण इथं कुणाचं पोर परदेशात अडकलंय?"

फकिरांनी भिंतीपाशी बसलेल्यांकडे पाहून हाक मारली, "शेवराबाई..."

एक म्हातारी पारधीण उठून आली.

गव्हाणे ताडकन उभे राहिले. गावात घरफोडी झाली की ते आधी पारध्यांच्या पालांवर जात. तसाच त्यांनी हिचा मुलगा सुरमल आठवड्याच्या बाजारातून उचलला होता. तो कोठडीतून जिवंत परतला नाही. खरा चोर पुढे भलत्याच गावी सापडला.

"ही नको, बाबा."

"का?"

"ही... ही शाप देईल माझ्या पोराला."

"मग जा तुम्ही."

गव्हाणे गेले नाहीत. जाणार कुठं?

शेवराबाईनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं.

"सायेब, पोरगं केवढं हाय?"

"तेवीस..."

"माजा बी तेवढाच."

तिनं डोक्यावर पदर घेतला, हात पसरले आणि आपल्या बोलीत पुटपुटू लागली. ती बोली गव्हाण्यांनी चौकीत आयुष्यभर ऐकली होती. समजून कधी घेतली नव्हती. आता ते एकेका शब्दासाठी कान देत होते, आणि हाती काही लागत नव्हतं.

मध्येच ती थांबली. पुन्हा बोलू लागली.

मग डोळे पुसून ती भिंतीकडे निघून गेली. गव्हाण्यांकडे तिनं पुन्हा पाहिलं नाही.

गव्हाणे फकिरांकडे वळले.

"बाबा... काय मागितलं तिनं?"

तिची बोली जाणणाऱ्या फकिरांनी सुई चादरीत खोचून ठेवली.

"म्हणाली, तिथला फौजदार चांगला निघू दे."