साहेबांचं भाग्य

कोल्हटकर साहेबांनी सांगलीतला आपला जुना फ्लॅट विकायला काढला आणि तो हाताखालच्या श्रीरंग बोंद्रे यांच्याच गळ्यात मारायचं ठरवलं. श्रीरंगरावांना हवं होतं नवं घर, पण साहेबांपुढे त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे. अखेर नवराबायको फ्लॅट बघायला गेले.

कुमुदिनीबाईंची नजर छतावरच्या ओलीवर आणि जुनाट वायरिंगवर खिळली.

“ओल काय बघता? वास्तूचा गुण बघा!” साहेब गरजले. “इथेच मला बढत्या मिळाल्या, इथूनच मुलं परदेशी गेली. नव्या घरात काय असतं? कोऱ्या भिंती!”

श्रीरंगराव मान डोलावणार, तोच कुमुदिनीबाईंनी नम्रपणे विचारलं, “साहेब, हे भाग्य तुम्ही इथेच ठेवून जाणार का?”

“छे! माझं भाग्य माझ्याबरोबर येणार!”

“मग आमचंही आमच्याबरोबर नव्या घरात येईल. इथे मागे उरेल ती नुसती ओल. ती कशाला विकत घ्यायची?”

श्रीरंगराव उठले आणि आयुष्यात पहिल्यांदाच साहेबांसमोर खणखणीत आवाजात म्हणाले, “येतो आम्ही!”

त्या दिवाळीत बोंद्र्यांनी नव्या घराच्या कोऱ्या भिंतींना हौसेने रंग निवडला.